भट्टीत टांगलेली सळी

बंगळूरला निघाले तेव्हा मे महिना होता. बाबांचं कूलर बनवायचं दुकान, आणि नागपुरात कूलरवाल्याला मे महिन्यात मरायलाही सवड नसते. तरी शटर ओढून, हाताला लागलेल्या रंगासकट ते स्टेशनवर आले. आई शेवटपर्यंत एकच म्हणत होती, "इतकी शिकली, तं इथं काहून नाही भेटत नोकरी?" मला जायचंच होतं.

काम होतं विमानाच्या इंजिनातल्या पात्यांसाठी नवा धातू शोधायचं. आम्ही मिश्रधातूची सळी बनवायची, खाली वजन लावून ती भट्टीत टांगायची आणि महिनोन्‌महिने पाहत बसायचं, लांबते किती, तुटते कधी. त्या खोलीत दार आपटायचं नाही, खुर्ची ओढायची नाही. धक्क्यानं मोजमाप बिघडतं. आईला फोनवर हे समजावलं तर म्हणाली, "म्हणजे तुले पगार तोडफोडीचा भेटते!" बरोबरच होतं तिचं.

तुमच्यापैकी जे घर सोडून गेले, त्यांना ठाऊक आहे आपण कोणत्या फोनला भितो ते. बाबांची बायपास ठरली तेव्हा मी स्वतः जुळवलेल्या धातूची पहिली सळी भट्टीत होती. ती सहकाऱ्यावर सोपवून मी नागपूरला, धंतोलीतल्या दवाखान्यात येऊन बसले. ऑपरेशन नीट झालं आणि आईनं कॉरिडॉरमध्येच विषय काढला. इथल्या एका कॉलेजात शिकवायची जागा निघाली होती. "बाबाले कोण पाहीन आता? बस झालं तुह्यं विमान." ती चुकीचं बोलत नव्हती, म्हणून मला जास्त राग आला.

बाबा मात्र रोज विचारायचे, "टिकून राहिली ना वं तुही सळी?" एक दिवस नाही म्हणावं लागलं. जितके तास टिकायला हवी होती, त्याच्या अर्ध्यातच तुटली होती.

"झालं मंग," आई म्हणाली. "आता तं राह्यशील?"

"आता तं जावंच लागन, आई. काहून तुटली, ते पाह्यचं हाय मले."

"जाऊ दे तिले," बाबा पडल्यापडल्या म्हणाले. "मी काही काचेचा नाही."

आईनं अबोला धरला. बाबा अंगणात फिरू लागेपर्यंत मी थांबले आणि निघाले. हट्टी म्हणून नावं ठेवायची असतील, तर खुशाल ठेवा. सळीच्या तुटलेल्या तोंडावर सूक्ष्मदर्शकाखाली बारीक पोकळ्या दिसल्या. ओतण्याची पद्धत बदलली, नवी सळी आता भट्टीत आहे. हीही तुटली तर तिसरी करीन.

घर सोडलं, असं मात्र मी आता म्हणत नाही. परतले त्या संध्याकाळी बंगळूरच्या खोलीचं कुलूप काढत होते, तर आईचा फोन आला. इतकी वर्षं ती "तिकडं पोचली का?" असंच विचारायची. त्या दिवशी अबोला मोडून म्हणाली, "पोचली का वं घरी?"

मी दार ढकललं आणि म्हणाले, "हो आई, पोचली."