कासांगाकींचे एकसष्ट टक्के

बाल्थझार कासांगाकी गेले तेव्हा त्यांचं चरित्र वाचायचं काम माझ्याकडे आलं. आमच्या मासिंदीत चरित्र वाचल्याशिवाय मयताला माती देत नाहीत. वाचणाऱ्याला पाच मिनिटं मिळतात, कारण पुढे पाद्री, आमदार आणि जेवण असतं. त्या पाच मिनिटांत मी जे वगळलं ते इथे लिहितो.

माणूस उंच, खांदे पडलेले, कोटाच्या खिशात कायम एक शाळकरी वही. आम्हा बन्योरो लोकांत प्रत्येकाला नावाखेरीज एक लाडाचं नाव असतं आणि ओळखीच्या माणसाला त्या नावाने हाक न मारणं म्हणजे भांडण उकरून काढणं. कासांगाकींचं लाडाचं नाव अराली. पण त्यांची बायको अतेन्यी आणि मी सोडून ते कुणी घेत नसे, कारण बाकी सगळं गाव त्यांना डॉक्टर म्हणे. ते डॉक्टर नव्हते, इथल्या विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवत. पंचवीस वर्षांपूर्वी डॉक्टरेटसाठी त्यांचं नाव नोंदलं गेलं, त्याच दुपारी बाजारातल्या केळीवालीने त्यांना डॉक्टर करून टाकलं. आमच्या गावात एकदा दिलेली पदवी परत घेत नाहीत.

त्यांचा विषय मका. किगुंबाच्या बाजारात शेतकऱ्याला मिळतो तो भाव आणि कंपालात गिऱ्हाईक देतं तो भाव, यांतला फरक जातो कुठे? त्यासाठी ते दर गुरुवारी टॅक्सीत, म्हणजे आमच्याकडच्या चौदा जणांच्या मिनीबसमध्ये, चौदावे प्रवासी म्हणून बसत, किगुंबाला जात आणि त्या दिवसाचे भाव तारीख घालून वहीत उतरवत.

"डॉक्टर, आज काय नेणार?" बायका विचारायच्या.

"भाव."

"तो शिजवतात कसा?"

हे संभाषण वर्षानुवर्षं दर गुरुवारी झालं आणि दर वेळी दोन्हीकडचे हसले.

प्रबंध मात्र पुढे सरकेना. त्यांचे पहिले मार्गदर्शक मंत्रालयात गेले, दुसरे वॉशिंग्टनला, तिसरे देवाघरी. पहिल्यांनी सांगितलं विषय आटोपशीर करा, दुसऱ्यांनी सांगितलं त्यात केनिया घाला, तिसऱ्यांनी मरण्याआधी केनिया काढायला लावला. मधे एकदा त्यांना नैरोबीला जागा मिळाली. आफ्रिकेतल्या पुष्कळ विद्यापीठांची होतकरू अर्थशास्त्री मंडळी तिथे चार महिने एकत्र शिकतात. तिथून ते एक नवं गणित शिकून आले आणि स्वतःच्या प्रबंधात घालायच्या आधी आम्हा सगळ्यांना शिकवून मोकळे झाले.

खरी गळती इथेच होती. एम.ए.चा विद्यार्थी दारात येऊन उभा राहायचा. "सर, आकडेच नाहीत."

"रडू नकोस. ही पाच वर्षं घे. पावसाचा रकानाही घे, मला लागत नाही."

लागत होता. जोस्लिन न्याकाइसिकी, आमची अकीकी, हिचा बाप तिच्या प्रबंधाच्या मुदतीआधी तीन आठवडे वारला. तिला त्यांनी आपलं तिसरं प्रकरण जसंच्या तसं टाइप केलेलं दिलं. मला दुसरं दिलं. माझे वडील ठणठणीत होते. मी फक्त आळशी होतो.

मग वरून नियम आला: येत्या जानेवारीपासून डॉक्टरेट नसलेल्याने एम.ए.चा वर्ग घ्यायचा नाही. अरालींचं वय अठ्ठावन्न. अकीकी एव्हाना डॉक्टर होऊन विभागप्रमुख झालेली, म्हणून चौथी मार्गदर्शक तीच. याचा त्यांना केवढा आनंद. "आता मला शिस्त लागेल," म्हणाले. दहा महिन्यांत त्यांनी सगळा प्रबंध लिहून काढला. मी वाचला. चांगला होता. आमच्या विभागात असं काही लिहिलं जातं यावर माझा विश्वास बसेना.

त्याच वर्षी संशोधनाची क्षमता वाढवायला परदेशी पैशांचा एक प्रकल्प आला. त्याने आम्हाला दोन प्रिंटर दिले, सहा बॅनर दिले आणि नक्कल पकडणारी संगणकप्रणाली दिली. तिच्या पोटात घालायला सगळे जुने प्रबंध स्कॅन करायचे होते. ग्रंथालयाच्या माळ्यावरून ते खाली आणले अरालींनीच, हौसेने, रुमालाने धूळ पुसत. "पोरांना वाचायला मिळतील," म्हणाले.

ऑक्टोबरात त्यांनी प्रबंध दिला. संगणक म्हणाला, एकसष्ट टक्के नक्कल, चौदा जुन्या प्रबंधांतून.

चौकशीच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. दाराशी मक्याच्या पोत्यात सेहेचाळीस वह्या भरून ठेवलेल्या. अतेन्यीने मला चहा दिला आणि पोत्याकडे बोट केलं. "अत्वोकी, हे उद्या तू उचल. पानापानावर तारीख आहे. कुणी कुणाचं घेतलं ते आंधळ्यालाही दिसेल."

"आणि त्या चौदा जणांचं काय?" अराली म्हणाले.

"त्यांचं ते बघतील."

"अकीकीची पदवी त्याच प्रकरणावर उभी आहे. ती गेली की विभागात डॉक्टर उरले दोन. दोनावर एम.ए. चालत नाही, बंद होईल."

"स्वतः झाला नाहीत, आणि बसलाय दुसरे डॉक्टर मोजत."

ते हसले. मग माझ्याकडे वळले. "अत्वोकी, चौदांत तुझा नंबर कितवा?"

"नववा," मी म्हणालो.

अतेन्यीला हे ठाऊक नव्हतं. तिने माझ्यासमोरचा अर्धा चहा उचलून आत नेला.

दुसऱ्या दिवशी खोलीत डीन, अकीकी आणि टिपण लिहायला मी. पोतं घरीच होतं. अकीकी कागदाकडे बघत म्हणाली, "श्री. कासांगाकी." अराली नाही, डॉक्टर नाही. "हा मजकूर तुमच्या प्रबंधात कसा आला?"

तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं. अरालींनी क्षणभर आम्हा दोघांकडे बघितलं, वर्गात कुणी उत्तर देईल म्हणून थांबायचे तसं.

"विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतून घेतला," ते म्हणाले. "उल्लेख करायचा राहिला."

"एकसष्ट टक्के राहिला?" डीननी विचारलं.

"वय झालं, साहेब."

मी ते लिहून घेतलं. माझं अक्षर चांगलं आहे.

त्यांचा वर्ग गेला. पहिल्या वर्षाच्या पोरांची हजेरी घ्यायचं काम राहिलं. आमच्या गावात दिलेली पदवी परत घेत नाहीत असं वर लिहिलंय, ते चूक आहे. केळीवाली महिन्याच्या आत त्यांना "अहो काका" म्हणू लागली. गुरुवारची किगुंबाची फेरी मात्र चालू होती. दोन वर्षांनी अशाच एका गुरुवारी, परतीच्या टॅक्सीत, शेजारच्याच्या खांद्यावर त्यांची मान पडली. उतरायची वेळ आली तेव्हा लोकांना कळलं.

मी चरित्र लिहायला बसलो तर अतेन्यी म्हणाली, "श्री. लिही. डॉक्टर लिहिलंस तर मी मांडवातून उठून जाईन." मी श्री. लिहिलं. माझ्यानंतर अकीकी बोलायला उभी राहिली, तीनदा डॉक्टर कासांगाकी म्हणाली आणि रडली. अतेन्यी उठली नाही. फक्त तिच्याकडे बघत राहिली, शेवटपर्यंत.

माती झाली. लोक नाचणीच्या उंड्यावर आणि शेंगदाण्याच्या कालवणावर तुटून पडले. तेवढ्यात मुगिसा नावाचा एम.ए.चा एक विद्यार्थी अतेन्यीसमोर गुडघ्यावर बसला. "आई, सरांनी मला शेवटच्या सहा वर्षांचे भाव देतो म्हटलं होतं. डिसेंबरात प्रबंध द्यायचाय."

"देईन की. वर नाव कुणाचं घालशील?"

त्याला प्रश्नच कळला नाही. "माझं," तो म्हणाला आणि मदतीला माझ्याकडे बघू लागला. मी ताटाकडे बघितलं.

अतेन्यी उठून आत गेली. मग आतून हाक आली. "अत्वोकी, पोतं उचलायला ये. आता तरी ये."