गोळ्यांसारखा गुलाबी

मक्याचे दाणे एकेक करून मातीत टोबणाऱ्या सुमनबाईंची बोटं गुलाबी झाली होती, आणि तो गुलाबी मी निवडलेला होता. बियाण्याच्या कंपनीत दाण्यांवरच्या रंगाची छटा ठरवणं हे माझं काम. पेरणी पाहायला म्हणून मी सिल्लोडकडच्या त्या शेतात गेलो होतो.

बांधावर त्यांची तीन वर्षांची नात बसली होती. तिच्या मुठीत चार दाणे दिसले तशा सुमनबाई धावत आल्या. त्यांनी दाणे झटकले, तिचं तोंड उघडून पाहिलं. तोंडात काही नव्हतं.

"गोळ्या वाटल्या लेकराला," त्या मला म्हणाल्या. "इतका गोड रंग कशाला देता हो साहेब?"

बियाण्याला विषारी औषध चोळलेलं आहे, ते कुणी खाऊ नये, हे कळावं म्हणूनच तर रंग देतात. पण दुकानात चमकदार दाण्यांचा पुडा आधी उचलला जातो, म्हणून आम्ही तो रंग दर हंगामाला आणखी गोड करत गेलो. धोका सांगायला ठेवलेला माणूसच गिऱ्हाईक बोलवायला लागला, तसं काहीतरी झालं होतं.

परतल्यावर मी मळकट निळ्याचा नमुना वरिष्ठांपुढे ठेवला. "हा कोण घेईल?" एवढंच ते म्हणाले.

पुढच्या हंगामाचा कागद सहीसाठी आला, त्यावर गुलाबीच होता. दिवसभर मी तो टेबलावर इकडून तिकडे सरकवत राहिलो. संध्याकाळी शिपाई तिसऱ्यांदा दारात येऊन उभा राहिला, तेव्हा मी सही केली.