पंपावरचा अख्खा नारळ

ओकादा-सान गेल्याचं मला कचरा टाकताना कळलं. शेजारच्या बाई बाटल्यांची टोपणं वेगळी करता करता म्हणाल्या, "पंपवाले आजोबा गेले." मी पिशवी तशीच घेऊन परत वर आले... त्याला आता पाच आठवडे झाले.

आम्ही ग्योतोकुला आलो तेव्हा पुण्यातले निम्मे इंजिनिअर जपानलाच निघालेत की काय, असं वाटायचं. नवरा सकाळी ट्रेन पकडून जायचा आणि मी दिवसभर गप्प. दिवाळीला जाते ती परत येत नाही, असं मी त्याला बजावूनही ठेवलं होतं. इमारतीमागच्या कालव्यावर एक बुटकं दगडी घर होतं. दाराशी ताजी फुलं, आणि एक म्हातारे गृहस्थ रोज वाकून नमस्कार करून आत जायचे. देऊळच, दुसरं काय! एका शुक्रवारी मी उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलं आणि पायरीवर फाडकन नारळ फोडला.

आजोबा झाडू घेऊन धावत आले. आत बघते तर देव कुठला, भलामोठा लोखंडी पंप! वस्तीत शिरलेलं पाणी उपसणारा, आता बंद पडलेला. ओकादा-सानांनी तो उभा जन्म चालवला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते मात्र करवंटी हातात धरून गंभीरपणे विचारत होते, "हा जळणारा कचरा, की न जळणारा?" जपानी म्हणून मला नेमके तेवढेच, कचऱ्याच्या पाटीवरचे शब्द येत होते! कितीतरी दिवसांनी मी खदखदून हसले. दिवाळीचं तिकीट काढलंच नाही.

पुढे भाषा आली तेव्हा त्यांना खंडेनवमी समजावली, आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची, यंत्रांची पूजा करतात म्हणून. "मग तू चुकली नव्हतीस," ते म्हणाले. तेव्हापासून दर खंडेनवमीला आम्ही पंपाला झेंडू वाहायचो. नारळ फुटला की ते डोळे मिचकावून तोच प्रश्न विचारायचे.

गेल्या वर्षी खंडेनवमीला मला नुकतीच नोकरी लागली होती, सुट्टी मागायचा धीर झाला नाही. "रविवारी येते," म्हणाले आणि तो रविवार ढकलत राहिले. लाज वाटते मला त्याची.

परवा खंडेनवमीला त्यांच्या मुलीनं दार उघडून दिलं. पंपावर एक अख्खा नारळ होता. "गेल्या वर्षी बाबांनीच आणला. तुम्हीच फोडायचा म्हणून कुणाला हात लावू देत नव्हते," ती म्हणाली. मी ढसाढसा रडले. मग पायरीवर फोडला. पाणी केव्हाच आटलं होतं, खोबरं काळं पडलं होतं. करवंट्या गोळा केल्या आणि सवयीनं थांबले... कुणी काही विचारेना.

"जळणारा, ओकादा-सान," शेवटी मीच म्हणाले.