पाहणारे, ऐकणारे आणि सायकलवाले

मूल कसं शिकतं हे आधी जाणून घ्यावं आणि मग त्याला शिकवावं, असं मला अमरावतीच्या एका प्रशिक्षणात सांगण्यात आलं आणि मी ते खरं धरलं.

काही मुलं पाहून शिकतात, काही ऐकून, काही हातानं करून. कोण कसं ते ओळखायचं तर मुलांच्या घरी जा, त्यांची आवड विचारा. तिवस्याजवळच्या एका गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते आणि तिथंच राहते. आमचा मुलगा ओम माझ्याच वर्गात आहे आणि शाळेत तोही मला मॅडमच म्हणतो. नवरा नोकरीसाठी रोज अमरावतीला जातो, म्हणून घरोघरी फिरताना सोबतीला सासूबाईंना घेतलं. गावातल्या प्रत्येक घरी आज काय शिजलं हे त्यांना ठाऊक असतं. याहून चांगली सोबत मिळाली नसती, असं तेव्हा वाटलं.

आता, शिक्षिका वही घेऊन दारात उभी राहिली की आमच्याकडे लोक सावध होतात. मतदार किती, गुरं किती, संडास आहे का, हे सगळं आम्हीच विचारत फिरतो. वहीवाल्या बाईला कुठलीच गोष्ट 'आहे' म्हणून सांगायची नाही, कारण 'आहे' म्हटलं की योजनेतून नाव कटतं, एवढं गावात तान्ह्या पोरालाही कळतं.

पहिलं घर भास्करभाऊंचं.

"तुमच्या पल्लवीला काय आवडतं?"

भास्करभाऊंनी आधी वही पाहिली. "काहीच आवडत नाई, मॅडम."

"काहीतरी आवडत असेल ना?"

"गरिबाच्या पोरीले काय आवडन?" (पल्लवी मागे टीव्हीसमोर मन लावून नाच शिकत होती.)

पुढच्या घरीही तेच. त्याच्या पुढच्या घरी तर आजोबांनी नातवाला काही आवडत नाही आणि काही येतही नाही, असं दोन्ही लिहून घ्या म्हणून आग्रह धरला.

शेवटी सासूबाईंचा धीर सुटला. "अरे, सांगून द्या नं बाप्पा. पोट्टं पाहून शिकते, का आयकून, का हातानं, एवढंच तं सांगाचं हाय. सरकार उगाच इच्यारून राहिलं का? काही द्याचं असन म्हणूनच इच्यारून राहिलं."

"आई, काही द्यायचं नाहीये."

"तू चूप राह्य. लोकं बोलते होऊन राहिले."

लोक खरोखरच बोलते झाले. दुसऱ्या दिवशी गावात पक्की बातमी होती: पाहून शिकणाऱ्याला टॅब, ऐकून शिकणाऱ्याला रेडिओ आणि हातानं शिकणाऱ्याला सायकल. (सायकल तर पायानं चालवतात, अशी शंका कुणी काढली नाही. हँडल असतं ना.) रेडिओ कुणालाच नको होता. ज्यांनी आधी 'ऐकून' असं सांगितलं होतं ते दुरुस्तीसाठी माझ्या घरी आले.

"मॅडम, आमचा पोट्टा आयकत नाई. घरीबी आयकत नाई. कोणालेबी इच्यारा."

वर्गात त्याहून बरी परिस्थिती नव्हती. पुस्तक उघडा म्हटलं तर कुणी उघडेना. सायकलवाल्या घरांतली मुलं फळ्यासमोर डोळे मिटून बसली होती, आणि त्यांतल्या हुशार मुलांनी कानातही बोटं घातली होती.

"पल्लवी, फळ्याकडे बघ."

"बाबा नाई म्हणे, मॅडम. पाह्यलं तं नाव कटते."

हे सगळं समजावून सांगता आलं असतं. पण त्याच आठवड्यात ओमचा वाढदिवस होता. त्याला सायकल घ्यायची हे उन्हाळ्यातच ठरलेलं. आमच्या घरात ठरलेलं. नवऱ्यानं अमरावतीहून नवीकोरी लाल सायकल ऑटोच्या टपावर बांधून आणली आणि ती भर गावातून मिरवत दारात आली. टपावरून उतरवण्याआधी अंगण माणसांनी भरलं.

"पहिली आली वाटते," भास्करभाऊ म्हणाले. "बाकीच्या कवा येऊन राहिल्या?"

"भाऊ, ही आम्ही विकत आणली."

"हाव, हाव," भास्करभाऊंनी समजल्यासारखी मान डोलावली.

नवऱ्यानं खिशातून पावती काढून दाखवली. त्यानं तर लोकांची खात्रीच पटली. खरेपणानं वागणारा माणूस पावती खिशात घेऊन कशाला फिरेल?

भास्करभाऊ आवाज न चढवता म्हणाले, "मॅडम, तुमी असं करान, असं वाटलं नव्हतं." ते मात्र मला लागलं. या गावानं आजवर माझ्याकडे बोट दाखवलं नव्हतं. आपली पोरं डोळे झाकून माझ्या हवाली केली होती. (आता पोरांनीच डोळे झाकले होते, ती गोष्ट वेगळी.) मी नवऱ्याच्या हातातली पावती घेऊन घडी घातली.

सासूबाई मात्र पुढे झाल्या. "कोण म्हणते ओमची हाय? सायकल शाळेची हाय. उद्यापासून शाळेत राहीन. पोट्टे पाळीपाळीनं शिकतीन."

अंगण समाधानानं रिकामं झालं. सीटवर हात ठेवून ओम तेवढा उभा राहिला.

तेव्हापासून मधल्या सुट्टीत मैदानावर रांग लागते. आणि सांगायला हवं, प्रशिक्षणात ऐकलेलं सगळं खरं निघालं. पल्लवी दुसऱ्यांना नुसतं पाहून शिकली. आजोबांच्या त्या नातवाला कुणी बाजूनं "डावीकडे, डावीकडे" ओरडलं की जमतं. बाकीचे पडून शिकतात. वर्गात वर्षभर जे कळलं नाही ते मला मैदानावर कळलं, आणि गणितही आता त्याच बेतानं घेते. लोक पुन्हा मला रामराम करतात.

परवा लक्षात आलं, सगळ्या गावाला आवड विचारून झाली, घरच्या पोराला विचारलीच नाही. ओम रांगेत शेवटी उभा होता. मॅडमचा मुलगा असल्यानं त्याला मध्ये घुसायची सोय नाही. जवळ जाऊन प्रशिक्षणात सांगितलेल्या मायाळू आवाजात विचारलं, "ओम, तुला सगळ्यात जास्त काय आवडेल?"

त्यानं सायकलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम," तो म्हणाला, "तुमची बदली."