पाणी पाजल्याची माफी

म्हातारीच्या तोंडात तिच्याच लेकानं बोटं घातली. माझ्या हातचं पाणी बाहेर पडावं म्हणून. ती ओकली. पुन्हा ओकली. पोटात दुसरं काही नव्हतंच, तेवढं पाणी होतं, तेही मातीत गेलं.

भोर संस्थान होतं तेव्हाची गोष्ट. राजगडाच्या पायथ्याशी आमची वाडी. आम्ही जन्मानं महार. मी रांगत होते तेव्हा बाप ख्रिस्ती झाला. गावानं आम्हाला महारच ठेवलं. पाणवठा वेगळा तो वेगळाच.

त्या दिवशी बाप नि मी गवताचे भारे घेऊन डोंगर उतरत होतो. वाटेत पाटलाची म्हातारी आई पडलेली. अंग तापानं फणफणलेलं, ओठ फुटलेले. आसपास चिटपाखरू नव्हतं. माझ्याजवळ गाडग्यात पाणी होतं. मी बापाकडं बघितलं.

"पाज," बाप म्हणाला. "आपल्या देवानं हेच सांगितलंय. जात इचारून दया करत न्हाईत."

मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. घोटभर पाणी पोटात गेलं तसे तिनं डोळे उघडले, मला ओळखलं. तरी गाडगं सोडलं नाही. दोन्ही हातांनी धरून प्याली. हे मी मुद्दाम सांगते. म्हातारी ओळखून प्याली.

तेवढ्यात तिला शोधत पाटील आला. पुढचं वर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आम्हाला चावडीवर बोलावलं. निघताना मिशनचे मास्तर बापाला म्हणाले, "नाक घासा आन् मोकळे व्हा. प्रभूनंबी सोसलं." ते स्वतः काही आले नाहीत.

"वंगाळ केलं म्हन," पाटील म्हणाला. "म्हातारी बाटवली तुमी."

बाप वाकला. धुळीत नाक घासलं. "चुकलं, मायबाप."

लोक हसले. मला पाटलापेक्षा बापाचाच राग आला. ज्यानं मला "पाज" म्हटलं तोच आता चुकलं म्हणत होता. आज कळतं, तो माझ्यासाठी वाकला होता. तरीही तो राग गेलेला नाही.

"पोरी, आता तू."

वाकावं, सुटावं, घरी जावं असं फार वाटलं.

"न्हाई," मी म्हणाले. "तान्हेल्या मान्साला पानी पाजलं. म्या चुकले न्हाई."

पाठीत काठी बसली. मी पडले, पण नाक घासलं नाही. आमचं गवत त्यानंतर गावात कुणी घेतलं नाही.

म्हातारीला गोमूत्र पाजून शुद्ध केलं. मग ती त्याच तापात गेली. तिचा तो ओकण्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. भाकरी थापताना येतो, प्रार्थनेला डोळे मिटले की येतो. मी पाजलं नसतं तर ती निदान शांतपणे गेली असती का? बरीच वर्षं मी स्वतःला हे विचारत जळले. मग एकदा लख्ख कळलं. पाणी माझं होतं. बोटं त्याची होती. त्याचं पाप मी का वाहू?

दया करायला माझ्या देवानं सांगितलंय. त्या दयेची माफी मागायला सांगितलेलं नाही. उद्या तोच पाटील वाटेत पडलेला दिसला तर त्यालाही पाजीन. आणि कुणी पाजलं, ते चावडीवर जाऊन मीच सांगीन.