दोरीकडची बाजू

जव्हारात कुणाच्या घरी नागलीचं पीठ मळायची जुनी काठवट दिसली की म्हातारे म्हणतात, "लक्ष्याच्या हातची!" ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. लक्ष्या एकटा लाकूड कातायचा काय? समोर बसून दोरीनं चरक, म्हणजे लाकूड कातायचं यंत्र, फिरवायची ती त्याची बायको रखमी. तिचं नाव कुणी घेत नाही.

संस्थानी अमलातली गोष्ट. रखमी माझ्या आजीची शेजारीण. बाहेरून कातेपर्यंत ठोकळा चरकात दोन्हीकडून आवळलेला असतो. आतून पोखरायचा तर पुढचा खिळा काढावाच लागतो. मग ठोकळा राहतो फक्त मागच्या चकतीला लावलेल्या लाखेच्या भरवशावर. लाख वितळवून लावायची आणि पुरती थंड होऊ द्यायची, एवढंच काम. पण लक्ष्याला दम कुठला! तो पटाशी धरून बसायचा कडेला. सुटलेला ठोकळा जायचा दोरीकडे.

पहिल्यांदा रखमीचे पुढचे दोन दात गेले. आणि हा म्हणाला, "दोरीला हिसका कशाला दिलास?" लाज नाही वाटली मेल्याला! बाजारभर तेच सांगत सुटला, लोकही हसले. रखमी पदर तोंडाला लावून दोरी ओढत राहिली.

पुढे एकदा मोखाड्याच्या बाजाराची घाई होती.

"थांब जरा, लाख धरली नाय अजून," रखमी म्हणाली.

"तुला काय कळतंय? ओढ!"

तिनं ओढली. ठोकळा सुटला आणि तिची भुवई फाटली. जरा खाली लागता तर डोळाच जायचा.

रखमी रडली नाही. रक्त पुसलं, लाख वितळवून तोच ठोकळा पुन्हा चिकटवला, पटाशी उचलली आणि नवऱ्याच्या जागेवर जाऊन बसली.

"आता तू ओढ."

"बाईमाणूस कुठं कातते काय?"

"ओढ, नायतर हा चरक चुलीत घालीन."

तिचा चेहरा बघून लक्ष्या मुकाट समोर बसला. ते जड लाकूड थेट त्याच्या तोंडापुढे आलं. त्यानं दोरी धरली आणि सोडून दिली. उठून ठोकळा हलवून पाहिला. परत बसला, परत उठला, लाखेला बोट लावलं.

"गरम हाय अजून," तो म्हणाला.

"माझे दात गेले तवा पण गरमच होती," रखमी म्हणाली.