ताईच्या कानातलं हाड

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील, तर ते माझ्या थोरल्या बहिणीचे. परतवाड्याजवळच्या आमच्या गावात मी दहावी झालो, तेव्हा वडिलांनी मला मेळघाटात जाणाऱ्या जीपवर ठेवायचं जवळजवळ पक्कं केलं होतं. ताई भाकरी थापत होती. वर न बघताच ती म्हणाली, "गाडी हाकाले गावात पोट्टे कमी हायेत का? याले अमरावतीले धाडा." वडील आईचं ऐकत नसत, पण ताईचं ऐकत. मी अमरावतीला गेलो, प्राणिशास्त्र घेतलं, आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. आता अकोल्याच्या एका कॉलेजात शिकवतो. सस्तन प्राण्यांची उत्क्रांती हा माझा आवडता पाठ आहे.

ताईचं सासर शेंदूरजनाघाटचं, संत्र्याच्या बागा असलेलं. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिला कमी ऐकू यायला लागलं, पण बरीच वर्षं कुणाला ते खरं वाटलं नाही. बहिरं माणूस मोठ्यानं बोलतं असा सगळ्यांचा समज, आणि ताई तर दिवसेंदिवस हळूच बोलायला लागली होती. शिवाय वरूडच्या संत्र्याच्या शेडमध्ये ट्रक धडधडत असताना तिला सगळं कळायचं, आणि घरात शांततेत हाक मारली तर ती वळतही नसे. सासू म्हणायच्या, "मतलबाचं बराबर आयकू येते हिले."

मागच्या दिवाळीला ती मला म्हणाली, "पोरगी आता मले काई सांगत नाई, बाबू. एक गोष्ट तीनदा सांगा लागते, मंग ते म्हंते जाऊ दे." एवढंच बोलून ती चिवडा डब्यात भरायला लागली.

मी तिला आणि भाऊजींना अकोल्याला बोलावून घेतलं. कान-नाक-घशाच्या डॉक्टर बाईंनी नादकाटा आपटून तिच्या कानासमोर धरला. ताईनं मान हलवली, नाही. मग त्याची दांडी कानामागच्या हाडावर टेकवली. ताई एकदम सरळ बसली.

"आता येऊन राहिलं. चांगलं येऊन राहिलं."

डॉक्टरांनी मोठ्यानं विचारलं, "गोंगाटात जास्त बरं ऐकू येतं का?"

ताईनं माझ्याकडे पाहिलं, जणू मीच चुगली केली होती. डॉक्टर म्हणाल्या, या आजाराची ती खूणच आहे. गोंगाटात समोरचा माणूस आपोआप मोठ्यानं बोलतो, आणि मधला गोंगाट हिला फारसा जाणवत नाही. स्वतःचा आवाज मात्र हाडातून आत घुमतो, म्हणून ही हळू बोलते. कानाच्या आतली नस चांगली आहे. तीन बारीक हाडांपैकी शेवटचं जाम झालं आहे. त्याचा वरचा भाग काढून तिथं बारीकशी कृत्रिम दांडी बसवावी लागेल.

भाऊजी म्हणाले, "म्हंजे सोंग नोयतं. मायले मीच सांगतो."

ताईला हे ऐकू गेलं नाही. ती हाडावरच अडली होती. "जिभेले हाड नाई हे लहानपणापासून आयकलं. कानाले हाड हाये हे आजच आयकलं!" तिनं आपल्या कानाची पाळी दुमडून डॉक्टरांना दाखवली. "हे पाहा, कुठं हाये?"

सगळे हसलो, पण ऑपरेशनची पुढच्या महिन्यातली तारीख मिळाल्यावर ती हसली नाही. "जेवढं येते तेवढंबी गेलं तं?" डॉक्टर खोटं बोलल्या नाहीत. तसं क्वचितच होतं, म्हणाल्या, पण कधीच होत नाही असं मी सांगणार नाही.

"मंग राहू द्या," ताई म्हणाली. माझी ताई 'राहू द्या' म्हणाली की ते राहतंच.

बसला वेळ होता. मी दोघांना आमच्या प्रयोगशाळेत नेलं. समजूत घालायचा माझा काही बेत नव्हता. हाड कुठं असतं एवढंच दाखवायचं होतं. बकरीच्या कवटीतून सोडवलेली कानाची तीन हाडं आमच्याकडे कापसावर ठेवलेली आहेत. भिंगाखाली तिनं ती पाहिली. मी नावं कागदावर लिहून दाखवली: हातोडी, ऐरण, रिकीब.

"लोहाराचं दुकान हाये का कान?" ती म्हणाली. "थे शेवटचंच बिघडलं ना माह्यं? तांदळाच्या कणीएवढं बी नाई!"

मग मी सरड्याची आणि बकरीची कवटी शेजारीशेजारी ठेवली. बकरीच्या खालच्या जबड्यात एका बाजूला एकच सलग हाड असतं. सरड्याच्या जबड्यात मात्र अनेक हाडं जोडलेली दिसतात, आणि कानात हाड एकच असतं. वर्गात मी मुलांना विचारतो, की सरड्याच्या जबड्याच्या सांध्यातली दोन हाडं बकरीत कुठं गेली? उत्तर आहे, कानात. हातोडी आणि ऐरण ही एकेकाळी जबड्याच्या सांध्याची हाडं होती. आईच्या पोटातल्या गर्भातही हातोडी आधी जबड्याच्या कूर्चेला जोडूनच तयार होते आणि नंतर सुटी होते.

हे मी ताईला लिहून, हातवारे करून सांगितलं. भाऊजींना बसची काळजी लागली होती. ते घड्याळ बघत होते. ताई सरड्याचा जबडा बोटानं उघडझाप करत राहिली. मग त्याच्या बिजागरीवर बोट ठेवून तिनं विचारलं, "जबड्याचा कब्जा काढून कानाले देला, तं मधातल्या दिवसात थे जनावर खात कसं होतं रे? उपाशी मेलं नसंन?"

इतकी वर्षं शिकवतोय, हा प्रश्न मला एकाही विद्यार्थ्यानं विचारला नव्हता. उत्तर मला माहीत होतं. पण मी भराभर बोलायला लागलो, तोंड कवटीकडे वळलेलं, आणि तिला त्यातलं काही कळलं नाही. तोवर बसची वेळ झाली.

फोनवर तिला ऐकू येत नाही आणि तिचा मोबाइल साधा आहे. म्हणून मी पत्र लिहिलं, आमच्या घरच्या बोलीत. आठवड्याभरानं भाऊजींचा फोन आला, "तारीख तशीच राहू द्या म्हंते तुमची बहीण." पत्राबद्दल तिनं काहीच निरोप दिला नाही. माझ्याजवळ त्याचा कच्चा कागद आहे, तो तसाच देतो.

ताईले नमस्कार.

तू मले इचारलं, थे जनावर मधात खात कसं होतं. तवा नीट सांगता आलं नाई.

थे उपाशी मेलं नाई, ताई. वीस कोटी वर्षाईच्या आसपासच्या दगडाईत चिचुंद्रीएवढ्या जनावराईचे जबडे सापडले हायेत. आमच्यापाशी खरे नाईत, प्लास्टरचे नमुने हायेत. त्याइच्या जबड्याले एका बाजूले दोन कब्जे दिसतात. दात धरणारं हाड मांगं वाढत वाढत कवटीले टेकलं, थो नवा कब्जा. आन् जुना त्याच्या बाजूलेच, चालू. दोनी मिळून काम करत. जुनी हाडं तवाबी थोडा आवाज कानाकडं नेतच होती. नव्या कब्ज्यानं सगळा भार घेतल्यावर थे हाडं बारीक झाली, सुटी झाली आन् आयकाच्याच कामाले लागली. याले कोट्यवधी वर्षं लागली. त्यात एकबी दिवस असा नोयता का जनावराले खाता आलं नाई.

मी डॉक्टर बाईले पुन्हा भेटलो. त्या एकाच कानाचं करतीन, ज्यानं कमी आयकू येते त्याचं. दुसऱ्याले हातबी लावणार नाईत. म्हंजे आज ज्या कानानं तुह्यं भागते, थो तसाच राहीन. पयल्याचं कसं होते थे पाहून मंग दुसऱ्याचं तूच ठरवजो. भेव वाटणं बरोबर हाये. मलेबी वाटते.

तू नाई म्हटलं तरी मी पुन्हा काई बोलणार नाई. पण पोरीले एक गोष्ट सांग, का आईले तीनदा सांगा लागलं तरी सांगत जाय. थे तिनं आत्तापासूनच करावं, ऑपरेशन होवो नाई तं न होवो.

येणार अशीन तं भाऊजीले फोन कराले सांगजो. मी अकोल्याच्या स्टँडवर उभा राहीन.

तुहा,
बाबू